बँटमचे कुळशील

दिवाळी जवळ आली की घरोघरच्या जुन्या वस्तू माळ्यावरून खाली उतरतात. पितळेच्या समया चिंचेने घासल्या जातात, पेटीतली पैठणी उन्हात पडते, आणि या सगळ्या गडबडीत एक शब्द सारखा कानांवर येतो— ‘अस्सल’. ही समई अस्सल पणजीच्या वेळची, ही पैठणी अस्सल येवल्याची, हा हिंग अस्सल काबुली! अस्सलपणाचा सोस आपल्याला फार. पण त्या समईची दांडी मध्यंतरी एकदा नवी बसवली होती आणि वरचे तबक तर परवा बाजारातून आणलेले. मग ती समई पणजीची राहिली कुठे, असे एखाद्याने विचारले, तर आपण त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघतो. तो बिचारा गप्प बसतो. प्रश्न मात्र तसाच राहतो.

मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांशी माझा परिचय बेताचाच. या प्रश्नाने मला खऱ्या अर्थाने गाठले ते एका फटफटीच्या निमित्ताने. आणि तीही माझी नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी पुष्कळ वर्षे इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बाजूला नोकरीला आहे. जुन्या काळच्या छोट्या इंग्रजी मोटारसायकली शोधून काढायच्या, त्या दुरुस्त करायच्या आणि शर्यतीत पळवायच्या असा त्याला नाद लागला आहे. तिकडे असे नादिष्ट पुष्कळ आहेत. त्यांचे संघ आहेत, शर्यती आहेत, शर्यतींचे नियम आहेत. आपल्याकडे कुणी जुन्या नाण्यांच्या मागे लागतो, कुणी नाट्यसंगीताच्या तबकड्यांच्या, तसेच हे. रविवारी त्याचा फोन आला की आई-वडिलांची खुशाली एका वाक्यात संपते आणि पुढचा अर्धा तास पिस्टन आणि कार्बोरेटर!

एके दिवशी मात्र तो नेहमीपेक्षा गंभीर होता. म्हणाला, “गुरुजी, एक बँटम घेतलीय. कापू की नको, ते तुम्ही सांगा.”

ही बँटम म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. बँटम ही कोंबड्यांची एक बुटकी जात. अंगाने लहान पण तोऱ्याने मोठी. बीएसए या कंपनीने १९४८ साली एक छोटी मोटारसायकल बाजारात आणली आणि तिला हे नाव दिले. आपल्याकडे बीएसए म्हटले की सायकल आठवते. पण मूळची ही कंपनी बर्मिंगहॅमची, १८६१ साली बंदुका बनवण्यासाठी स्थापन झालेली. बँटमच्या पेट्रोलच्या टाकीवर कोंबड्याचे चित्र असे. इंजिन अवघे १२३ घनसेंटिमीटरचे, शक्ती साडेचार अश्वशक्ती, गिअर तीन. युद्धानंतरच्या ओढगस्तीच्या दिवसांत कामगार तिच्यावरून कारखान्यात गेले, तिकडच्या टपालखात्यातली पोरे तांबड्या बँटमवरून घरोघर तारा पोहोचवीत हिंडली. १९७१ पर्यंत ती निघत होती, आणि लाखांनी खपली. गरिबाघरची गुणी सून असावी तशी ही गाडी.

पण या सुनेचे माहेर इंग्लंडात नाही, आणि गंमत तिथेच सुरू होते. जर्मनीत, सॅक्सनी प्रांतात, चोपाऊ नावाच्या गावी डीकेडब्ल्यू ही मोटारसायकलींची मोठी कंपनी होती. तिथे हेरमान वेबर या अभियंत्याने आरटी १२५ नावाची गाडी तयार केली. ती १९३९ साली लोकांपुढे आली. लगेच महायुद्ध सुरू झाले. जर्मनी हरल्यावर जेत्यांनी नुकसानभरपाई म्हणून ज्या गोष्टी उचलल्या, त्यांत या गाडीचे आराखडेही होते. इंग्रजांनी त्यावरून बँटम केली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने आपली १२५ केली, रशियनांनी आपली मॉस्क्वा केली. आणि पुढे १९५५ साली जपानात यामाहाने जी आपली पहिली मोटारसायकल काढली तीही याच वळणावर. इंग्रजांनी तर आरशात बघून चित्र काढावे तसे सगळे उलटे केले. जर्मन गाडीचा गिअर डाव्या पायाशी होता, इंग्रज स्वाराला उजव्या पायाची सवय. म्हणून अख्खे इंजिनच डावे-उजवे फिरवून टाकले.

म्हणजे ज्या गाडीच्या अस्सलपणासाठी आज इंग्रज म्हातारे हमरीतुमरीवर येतात, ती मुळातच लुटीत आलेली आणि उलटी केलेली नक्कल आहे. हे कळल्यावर मला हसू आले. पण हसू ओसरल्यावर मनात आले, आपल्यापैकी कुणाचे कुळ खणत गेले तर असेच काहीतरी सापडणार नाही?

आता माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट. विकणाऱ्याने ती १९४९ सालची बँटम म्हणून विकली होती. पण जुनी गाडी ओळखणे ही विकणाऱ्याच्या शब्दावर सोडण्याची गोष्ट नव्हे. ते एक शास्त्र आहे. आधी चेसिस बघायची. सुरुवातीच्या बँटमला मागच्या चाकाला स्प्रिंगच नव्हती, ती ताठ. १९५० पासून मागे सरळ वर-खाली सरकणाऱ्या स्प्रिंगांची चेसिस मिळू लागली, आणि १९५६ पासून दारासारख्या बिजागरीवर हलणाऱ्या मागच्या दांड्याची. मग इंजिन बघायचे. सिलिंडरचा घेर वाढत गेला, ५२ मिलिमीटरचा ५७ झाला, ५७ चा साडेएकसष्ट. पण पिस्टनच्या फेरीची लांबी पहिल्यापासून शेवटपर्यंत ५८ मिलिमीटरच राहिली. मग दिव्याची वीज कोणत्या बनावटीच्या डायनॅमोची आहे ते बघायचे, कार्बोरेटर बघायचा. आणि सर्वांत शेवटी चेसिसवरचा व इंजिनावरचा ठोकलेला नंबर, त्याच्या आधीची अक्षरे, आणि हे सारे संघाच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहायचे.

त्याने ताडून पाहिले. चेसिस खरोखरच सुरुवातीची, ताठ, नंबर जुळणारा. पुढचे फोर्क कुठल्याशा नंतरच्या गाडीचे. टाकी नवी, तिच्यावरचा कोंबडाही परवाचा. आणि इंजिन डी-७ जातीचे, म्हणजे १९५९ नंतरचे, आणि १७३ घनसेंटिमीटरचे! कागदांवर मात्र १२५. एका देहात तीन जन्म नांदत होते म्हणायचे.

अशा वेळी त्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही वाटांवर सल्लागार उभे होते. एक म्हणत होता, ही ताठ चेसिस मागून काप, तिला हलणारा दांडा जोड, इंजिन कानसून घे आणि पळव. हलकी चेसिस आहे, शर्यतीत नाव काढशील. दुसरा म्हणत होता, छे, हिला पूर्ववत कर. इंजिनावरचा नंबर घासून काढ आणि चेसिसवरचाच नंबर तिथे ठोक. जुळे नंबर असले की गाडीला दुप्पट भाव येतो. दोघेही आपापल्या परीने गाडीचे हितचिंतकच.

या दोन पक्षांना मी मनातल्या मनात नावे दिली आहेत— पोथीवाले आणि कीर्तनवाले.

पोथीवाल्यांचे म्हणणे हलके नाही. आपल्या पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांच्या नकलांत जे पाठभेद शिरले होते ते जुन्या प्रती ताडून दूर केले, आणि यापुढे कुणी हिच्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. स्वतः एवढा मोठा कवी, पण ज्ञानेश्वरीच्या दारात आपली प्रतिभा जोड्यांसारखी बाहेर काढून ठेवली. जुने यंत्रही एक पोथीच असते. कोणत्या काळी लोखंड कसे ओतले जाई, कोणती काटकसर करावी लागे, कारागिराचा हात कसा चाले, हे सारे त्याच्यात लिहिलेले असते. ते एकदा कापले की ती ओळ कायमची पुसली. चेसिस कापणे ही परत न येणारी गोष्ट आहे. आणि जे परत आणता येत नाही ते करण्याआधी हात थरथरला पाहिजे, हे पोथीवाल्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

पण कीर्तनवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पोथी सोवळ्यात बांधून ठेवली तर ती वाचणार कोण? कीर्तनकार एक अभंग घेतो, त्याला स्वतःचे दृष्टान्त जोडतो, गावच्या पाटलाला चिमटा काढतो, आणि तीनशे वर्षांपूर्वीचा शब्द आजच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणतो. शर्यतीसाठी इंजिन तयार करणे हे तसलेच निरूपण आहे. बँटमचे इंजिन टू-स्ट्रोक, त्याला झडपा नाहीत. वर-खाली जाणारा पिस्टनच सिलिंडरच्या भिंतीतली दारे उघडतो आणि मिटतो. जळलेला धूर बाहेर जाण्याच्या दाराची वरची कड एक-दोन मिलिमीटर घासून उंच केली, की इंजिनाचा स्वभाव पालटतो. जोरात फिरताना त्याला बळ चढते. पण सावकाश चालण्याची जुनी सोशिक सवय जाते. तार घेऊन गल्लीबोळांतून हळूहळू जाणारी ती गाडी आता हळू चालायलाच तयार नसते! काही मिळवले की काही द्यावे लागते, हा हिशेब कोणत्याही मिस्त्रीला चुकवता आलेला नाही.

या कलेतली सर्वांत मोठी युक्ती सायलेन्सरच्या नळीत आहे. नळी मध्ये फुगवायची आणि शेवटी निमुळती करायची. धुराचा झोत बाहेर पडताना त्याच्या मागे ओढ निर्माण होते, आणि ती ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये खेचते. थोडे ताजे मिश्रण उत्साहाच्या भरात दाराबाहेरही पडते. तेवढ्यात निमुळत्या टोकावर आपटून परत आलेली लाट त्याला पुन्हा आत ढकलते. शाळा सुटण्याआधीच व्हरांड्यात पळालेल्या पोरांना शिपायाने परत वर्गात कोंबावे, तसे. ही युक्ती पूर्णत्वाला नेली वाल्टर काडेन या माणसाने, १९५० नंतरच्या दशकात, पूर्व जर्मनीत, एमझेडच्या कारखान्यात. आणि तो कारखाना कुठे? चोपाऊला! ज्या गावाने बँटमला जन्म दिला, त्याच गावात तिला पळवण्याची विद्याही जन्मली.

ती विद्या बाहेर पडली कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली जगज्जेतेपदाच्या शर्यतींत आघाडीवर होता. त्या वर्षीच्या स्वीडनच्या शर्यतीत त्याचे इंजिन बिघडले. आणि त्याच वेळी बायकामुलांना चोरून पश्चिमेकडे काढून तोही पूर्व जर्मनी सोडून गेला. काडेनची विद्या त्याच्याबरोबर जपानात सुझुकीकडे गेली, आणि १९६२ साली ५० घनसेंटिमीटरच्या वर्गात डेग्नर सुझुकीवर जगज्जेता झाला. दडपशाहीच्या राज्यातून निसटलेल्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण ज्याने रात्री जागून ती विद्या उभी केली तो काडेन मागे चोपाऊतच राहिला, हेही विसरवत नाही. आज पळणाऱ्या प्रत्येक बँटमच्या पोटाखाली ती फुगीर नळी असते. म्हणजे एकदा आराखडे गेले आणि एकदा विद्या गेली; चोपाऊ गाव दोन्ही वेळा रिकाम्या हाताने बघत राहिले.

मग ही गाडी कुणाची? आणि मूळ ते कोणते? इथे मला मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आठवतो. नागसेनाने राजाला विचारले, तू रथात बसून आलास. मग सांग, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणत गेला, आणि शेवटी त्याला कबूल करावे लागले की या साऱ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारात ‘रथ’ हे नाव देतो, एवढेच. दोन हजार वर्षांमागचा हा संवाद बर्मिंगहॅमच्या गॅरेजमध्ये जसाच्या तसा लागू पडतो. चेसिस म्हणजे बँटम? इंजिन म्हणजे बँटम? टाकीवरचा कोंबडा म्हणजे बँटम?

पण नागसेनाच्या उत्तराने माझे पुरते समाधान होत नाही. रथ हे केवळ नाव आहे असे म्हटले, तर नाव वाटेल ते ठेवायला मोकळीक होते. आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. सुटे भाग बदलतात, ते बदलणारच. मालक बदलतात, देश बदलतात. या सगळ्या बदलांतून वस्तूला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिच्याविषयी सांगितलेली खरी हकिगत. हकिगत खरी असेल तर सगळे भाग बदलूनही वस्तू आपली ओळख राखते; आणि हकिगत खोटी असेल तर एकही भाग न बदलता ती नकली होते.

त्या दुसऱ्या सल्लागाराचेच बघा. चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर जुळवून गाडी ‘अस्सल’ करा, असे तो म्हणत होता. पण त्या काळी बीएसएच्या कारखान्यात बँटमच्या चेसिसला आणि इंजिनाला एकच नंबर देतच नसत. दोघांच्या नंबरमाळा निराळ्या. म्हणजे अस्सलपणाच्या हौसेने ठोकलेला तो नंबर कारखान्याने कधी दिलेलाच नव्हता! अस्सलपणाचा सोस माणसाला किती नकली करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आणि ही खोटी हकिगत केवळ पैशांपुरती राहत नाही. १७३ घनसेंटिमीटरची गाडी १२५ च्या वर्गात उतरवली, तर शेजारच्या पोराची वर्षभराची मेहनत आपण चोरली. साडेचार अश्वशक्तीसाठी केलेले छोटे ब्रेक कित्येक पटींनी वाढवलेल्या वेगाला जुंपले आणि पुढच्या मालकाला तसे सांगितले नाही, तर एखाद्या वळणावर त्याचा जीव आपण टांगणीला लावला. मग शर्यतीपूर्वी गाडी तपासणारा माणूस तरी काय करणार? त्यालाही शेवटी आपल्या शब्दावर विसंबावे लागते.

वाचक म्हणतील, गुरुजी, एवढे लांबण लावलेत. शेवटी त्या पोराला काय सांगितलेत? मी सांगितले ते असे: “आधी ओळख, मग बदल. जी वस्तू ढिगाने आहे तिला हात लाव, जी विरळ आहे तिला लावू नकोस. आणि जे काही करशील ते लिहून ठेव.”

हा उपदेश देणे सोपे होते, कारण खर्च त्याचा होता. ताठ चेसिस त्याने कापली नाही. ती गुंडाळून ठेवली आणि तिच्याजोगे जुने इंजिन शोधायला लागला. शर्यतीसाठी त्याने वेगळी, कागद हरवलेली डी-७ ची चेसिस भंगारातून मिळवली, डी-७ चे इंजिन तिच्यात घातले, आणि ते कानसायला घेतले. या खटाटोपात शर्यतींचा एक हंगाम हुकला, आणि जुळ्या नंबरांनी आला असता तो पैसाही गेला. बायकोने चार शब्द सुनावले. पण नव्या गाडीला तो १९४९ ची म्हणत नाही. जुन्या भागांची, माझ्या हातची शर्यतीची बँटम, एवढेच म्हणतो. कीर्तनकाराने कीर्तन करावे. स्वतःची ओवी मात्र ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवू नये.

बीएसएचा तो कारखाना केव्हाच मिटला. २०१६ साली बीएसए हे नाव महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने घेतले, आणि २०२५ साली बँटम हे नाव पुन्हा एका नव्या गाडीला मिळाले. चोपाऊहून निघालेले गोत्र बर्मिंगहॅममार्गे आपल्या मुंबईच्या दारी आले म्हणायचे! नव्या गाडीत जुन्या बँटमचा एक खिळाही नाही, आणि ती टू-स्ट्रोकही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवतातच. नातवाने आपण आजोबाच आहोत असे म्हणू नये, म्हणजे झाले.

माणसांचेही याहून निराळे नाही. शिक्षक म्हणून मी पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांना घासत, वळवत, त्यांचे गिअर बदलत आलो आहे. प्रत्येक पोर कसले आहे हे नीट ओळखल्यावाचून त्याच्या अंगावर कानस चालवणे हा गुन्हा आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. आणि बदल झाल्यावर त्याने आपले गाव, आपली बोली, आपल्या बापाचा धंदा लपवावा, हा त्याहून मोठा गुन्हा.

माझ्या विद्यार्थ्याने मागच्या महिन्यात एका वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवली. शाळेत घालून देत असू तसा डाव्या बाजूला समास, वर तारीख, आणि खाली सुवाच्य अक्षरात: कोणता भाग कोठून आणला, किती मिलिमीटर घासला, काढलेला मूळ भाग कोणत्या खोक्यात ठेवला आहे. तो गेल्यावर ती गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला पहिल्या पानापासून वाचता येईल.